कापूस, रुई, सूत, सुती... मग हे कॉटन म्हणजे नक्की काय?

दुपारचा_चहा
मंडळी, प्रश्न फालतू वाटेल पण दोन दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून विचारतोच. शनिवारी आईने सांगितलं, येताना कापूस घेऊन ये. मी मेडिकलमधून ती निळ्या कागदातली गुंडाळी आणली. तिने उघडली, दोन बोटांत चिमूटभर ओढून वळून बघितला, आणि परत गुंडाळून माझ्या हातात दिला. म्हणाली, "हे कॉटन आहे. मला कापूस पाहिजे."

आता माझ्या शर्टाच्या लेबलवरही कॉटन आहे. म्हणजे मेडिकलवाला आणि शर्टवाला एकच वस्तू विकतात, आणि आई म्हणते ती वस्तू म्हणजे कापूस नाही. मग जाणवलं की आपण बोलतोही तसंच. कापसाची गादी म्हणतो पण कॉटनची चादर म्हणतो. गादीवर चादर घालताना कापसाचं कॉटन कधी होतं? कापसाचा शर्ट असं कोणी म्हणालं तर डोळ्यासमोर मेंढी येते. जुनी माणसं सुती म्हणायची तेही आता फक्त जाहिरातीत राहिलंय. इंग्रजीत झाड, तंतू, दोरा, कापड सगळ्याला एकच शब्द चालतो, आपल्याकडे चार-पाच आहेत आणि तरी आपण पाचही सोडून कॉटन म्हणायला लागलोय असं माझं मत. मराठी शब्द मेले का? की कॉटन म्हणजे काहीतरी वेगळंच आहे?

झोपाळू_मांजर
तुला कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?

दुपारचा_चहा
नको रे बाबा.

झोपाळू_मांजर
नको रे बाबा काय म्हणतोस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?

नेहमीची_वाचक
झालं. हा धागा शंभरी गाठणार :)

पऱ्हाटीवाला
भाऊ, तुमच्या आईचं एकदम बरोबर आहे. आणि शब्द मेले वगैरे काही नाही, तुम्ही शहरात राहता म्हणून तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. आमच्याकडे (यवतमाळ जिल्हा) या एका झाडाची नावं ऐका. पेरतो ती सरकी. उगवली की पऱ्हाटी. पाती म्हणजे कळी लागते, मग फूल, मग बोंड. बोंड फुटलं की त्यातून निघतो तो कापूस. जिनात जाऊन सरकी वेगळी झाली की राहते ती रुई. शेवटची वेचणी झाली की उलंगवाडी, म्हणजे शेत मोकळं. आणि पाण्याच्या जोरावर पीक आणखी दोन महिने उभं ठेवून राहिलेली बोंडं काढली तर ते फरदड, जे ठेवू नका म्हणून कृषीवाले ओरडतात कारण गुलाबी बोंडअळीला आयतं घर मिळतं. यात कॉटन कुठे बसवू सांगा.

फुलाची गंमत सांगतो. पहिल्या दिवशी फिकट पिवळसर पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी तेच गुलाबी होतं. माझा मुंबईचा मामेभाऊ विचारत होता की एका झाडावर दोन जातीची फुलं कशी काय.

आणि ते पांढरं सोनं वगैरे लिहिणाऱ्यांनी एक दिवस वेचणीला यावं. फुटलेल्या बोंडाचं टरफल वाळून त्याची टोकं अशी कडक होतात की नखाच्या कडेला बरोबर घुसतात. कमरेला ओटी बांधायची, दोन्ही हातांनी ओढायचं, पालापाचोळा येऊ द्यायचा नाही. सकाळी दव असताना वेचला तर ओला भरतो आणि उन्हात वेचला तर वाळलेली पानं चुरा होऊन चिकटतात. संध्याकाळी माझ्या मायच्या बोटांची पेरं बघितली की कापूस मऊ असतो हे वाक्य तोंडातून निघत नाही.

काळी_माती
पऱ्हाटीवाले भाऊ, पोस्ट मस्त, पण आमच्याकडे परभणीत उभं पीक म्हणजे कपाशी. पऱ्हाटी म्हणजे वाळलेली, उपटून बांधावर रचलेली. "कपाशीला खत टाकलं", "पऱ्हाट्या जाळल्या". हिरव्या पिकाला पऱ्हाटी म्हणलं तर आजा म्हणायचा, अरे जितं आहे ना अजून.

पऱ्हाटीवाला
आमच्याकडे दोन्ही पऱ्हाटीच. जिती पण अन् मेली पण. कपाशी आम्ही फक्त कृषी सहायकासमोर म्हणतो :)

मुनीमजी
माझे वडील एका जिनिंगमध्ये दिवाणजी होते, सुट्टीत मी तिथेच पडलेला असायचो, म्हणून रुईबद्दल दोन शब्द. कापूस आणि रुई यातला फरक पुस्तकी नाही, पैशांचा आहे. एक क्विंटल कापूस रेच्यातून (सरकी काढायचं यंत्र) काढला की साधारण ३३ ते ३५ किलो रुई मिळते, बाकी जवळजवळ सगळी सरकी. याला उतारा म्हणतात. वडील मूठभर कापूस घेऊन एक सरकी सोलायचे, अंगठ्यावर तंतू ताणून लांबी बघायचे आणि उतारा किती पडेल ते बोलायचे, अर्ध्या किलोचाही फरक पडायचा नाही. मग रुई दाबून गाठ बांधायची, आपल्याकडे गाठ १७० किलोची. गिरणीवाले भाव बोलतात तो रुईचा, आणि तो खंडीवर, खंडी म्हणजे ३५६ किलो. शेतकरी भाव बोलतो तो कापसाचा, क्विंटलवर, सरकीसकट.

आता टीव्हीवर बातमी येते "कॉटनचे भाव वाढले", खाली रुईचा खंडीचा आकडा. बघणाऱ्याला वाटतं शेतकऱ्याला एवढे मिळाले. एका शब्दाने किती घोळ होतो बघा. शेतकऱ्याला कापूस आणि रुईतला फरक शिकवावा लागत नाही, बातमी देणाऱ्याला शिकवावा लागतो.

तिरकस
रुई म्हणजे ती शनिवारी मारुतीला घालतात तीच ना? मग जिनात मारुती पण असतो का?

आजीचा_बटवा
तिरकस, विचारलंत चेष्टेत पण प्रश्न खरा आहे. रुई दोन. एक ही रुई, सरकी काढलेला कापूस. दुसरं रुईचं झाड, पानाला चीक असतो, पांढरट जांभळी फुलं, पडीक जमिनीवर कुठेही उगवतं, त्याच्या पानांची माळ मारुतीला. आणि गंमत अशी की त्या रुईच्या फळातूनही रेशमासारखा कापूस निघतो, बी घेऊन वाऱ्यावर उडतो. लहानपणी त्याला म्हातारी म्हणून पकडायला धावायचो. पकडली की फुंकर मारून परत सोडायची.

झोपाळू_मांजर
आणि जत्रेत मिळतात ते म्हातारीचे केस! त्याला इंग्रजीत कॉटन कँडी म्हणतात. म्हणजे तिकडे पण कॉटन, इकडे पण म्हातारी. सगळं एकाच म्हातारीचं.

सावरीची_उशी
म्हातारी म्हणाल तर आमच्या काटेसावरीच्या बोंडातून उडते ती खरी. कोकणात उशीला सावरीचा कापूस असायचा, अजून आमच्याकडे आजीची एक उशी आहे. नेहमीच्या कापसाची उशी वर्षभरात गोळा होऊन दगड होते, सावरीची फुगलेलीच राहते. पण मला कधीच कळलं नाही की एवढा मऊ, चकचकीत कापूस असून त्याचं कापड का नाही विणत. कोणी सांगेल का?

चाळीस_काउंट
हा प्रश्न माझ्यासाठी. टेक्स्टाईलमध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे जरा लांबेल, कंटाळा आला तर पुढे सरका.

कपाशीचा एकेक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी, लांब वाढत गेलेली. एक पेशी, दोन-अडीच-तीन सेंटिमीटर. बोंड मिटलेलं असतं तोवर ती पाण्याने भरलेली गोल नळी असते. बोंड फुटतं, ऊन लागतं, आतलं पाणी जातं, आणि नळी चपटी होऊन तिला पीळ पडतो. हवा गेलेली सायकलची ट्यूब पिळून ठेवावी तशी. मायक्रोस्कोपखाली बघितलं की फितीसारखे पीळच पीळ दिसतात. त्या पिळांमुळे तंतू एकमेकांना धरतात, ओढून वळलं की सूत तयार. सावरीच्या तंतूला हा पीळ नाही, तो गुळगुळीत गोल नळीच राहतो, शिवाय बियांना नाही तर फळाच्या आतल्या भिंतीला धरून वाढतो. वळायला गेलं की सटकतो. पण आत हवा आणि वर मेण म्हणून पाणी धरत नाही, त्यामुळे उशीला उत्तम. पूर्वी परदेशात लाईफ जॅकेटमध्ये सावरीच्याच जातभाईचा, कापोकचा कापूस भरायचे.

म्हणून आमच्या धंद्यात सूत निघतं तोच कापूस. बाकीचे सगळे दिसायला कापूस.

आता नंबर. साडीवाला चाळीसचं सूत, साठचं सूत म्हणतो ते काय? ८४० यार्डांची एक लड, अशा किती लड्या मिळून एक पौंड वजन होतं तो आकडा म्हणजे काउंट. एका पौंडात चाळीस लड्या मावल्या तर चाळीस काउंट. आकडा मोठा तेवढं सूत बारीक. हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. आणि चादरीच्या पाकिटावर थ्रेड काउंट असतं ते याहून वेगळं, ते एका चौरस इंचात उभे-आडवे मिळून किती धागे ते.

ओळंबा
सुताचा विषय निघालाच आहे तर आमची साईट विसरू नका. आमच्याकडे सूत हे माप आहे. आठ सुतांचा एक इंच. सळईला आजही मिस्त्री "तीन सुती आण" म्हणतो, म्हणजे ३/८ इंच, तुमची दहा एमएम. चार सुती म्हणजे बारा. नवीन इंजिनियर पोरं ड्रॉइंगमध्ये एमएम लिहितात, मिस्त्री मनातल्या मनात सुतात करून घेतो आणि काम बरोबर होतं. आणि सुतार हा शब्दसुद्धा सूत्रधारावरून, लाकडावर सूत धरून रेघ मारणारा. हल्ली फळ्या मशीनवर कापून येतात तरी जुना सुतार चुन्यात नाहीतर रंगात बुडवलेला दोरा ताणून टप्पकन सोडतो, अशी सरळ रेघ पडते की बघत राहावं. सुतासारखा सरळ म्हणतात ते त्या रेघेला.

तिरकस
कर्ण सूतपुत्र. म्हणजे किती एमएम?

ओळंबा
:D तो सूत वेगळा, सारथी. कर्णाला सळईत घेऊ नका.

नेहमीची_वाचक
सुतावरून स्वर्ग गाठणे म्हणतात ते या धाग्याला लागू. "धागा" पण सुताचाच की!

गोळी_घ्या
मी फार्मसिस्ट. मूळ पोस्टमधल्या गुंडाळीची बाजू मांडतो कारण बिचारीला कोणी वकील दिसत नाहीये. बोंडातून निघालेल्या कापसावर नैसर्गिक मेण असतं, म्हणून तो पाणी घेत नाही. मेडिकलचा कापूस सोडा घालून उकळतात, मेण काढतात, मग ब्लीच करतात, तेव्हा तो पाणी किंवा रक्त शोषायला लागतो. घरी करून बघा. दोन ग्लास पाणी घ्या, एकात आईचा कापूस सोडा, एकात मेडिकलचा. मेडिकलचा चांगला असेल तर दहा सेकंदांच्या आत बुडायला पाहिजे, ही त्याची परीक्षाच आहे. दुसरा तरंगत बसेल. म्हणजे आई म्हणते ते बरोबर, वस्तू एकच पण काम अगदी उलटं.

दुपारचा_चहा
आत्ता करून बघितलं!! शेजारच्या काकूंकडून पूजेचा कापूस मागून आणला. मेडिकलचा मी मनात चार म्हणेपर्यंत चोथ्यासारखा होऊन तळाला. पूजेचा वर बदकासारखा. चमच्याने दाबला तर परत वर आला, आत बारीक चांदीसारखे बुडबुडे अडकलेले. पंधरा मिनिटं झाली, अजून तरंगतोय. आई आली, म्हणाली ग्लासात काय घाण केलीस.

आजीचा_बटवा
पण मग वातीला मेडिकलचा जास्त चांगला नको का? तो जास्त शोषतो ना. आमच्याकडे गेली वीस वर्षं मेडिकलच्याच कापसाच्या फुलवाती होतात, कधी दिवा विझला नाही. उगाच शास्त्र करू नये.

चाळीस_काउंट
बटवाताई, वातीने पाणी नाही, तेल ओढायचं असतं, आणि मेणाला तेलाचं वावडं नाही. त्यामुळे दोन्ही जळतात. फरक वळण्यात आहे. मेडिकलचा कापूस बहुतेक वेळा गिरणीतल्या आखूड तंतूंचा असतो. फुलवात तळहातावर बसते, तिला चालतो. पण लांब वात किंवा गेजवस्त्र करायला घ्या, ओढला की तुटतो. मूळ पोस्टमध्ये आईने चिमटीत ओढून बघितलं लिहिलंय ना, ती नेमकं हेच बघत होती. वरच्या पोस्टमधले दिवाणजी अंगठ्यावर जे करायचे तेच. प्रयोगशाळेत याला यंत्र आहे.

आजीचा_बटवा
हे पटलं. गेजवस्त्राला मी पण देवकापूसच घेते, परसात झाड आहे, दरवर्षी पेरावं लागत नाही. सरकी काढायची ती मात्र नखाने, एकेक. वस्त्राला मेडिकलचा घेतला की मध्येच तुटतो आणि मग चिकटवाचिकटवी.

शब्दखोर
शब्दाकडे येतो. कापूस आला संस्कृत कर्पास, कार्पास वरून, प्राकृतात कप्पास, हिंदीत कपास. हाच शब्द प्रवास करत ग्रीकांकडे कार्पासोस झाला, लॅटिनमध्ये कार्बासुस, आणि हिब्रू बायबलमध्ये एस्तेरच्या पुस्तकात राजवाड्याच्या पडद्यांचं वर्णन आहे तिथे "कर्पास" आहे. म्हणजे आपला कापूस तिथे पडदा होऊन लटकतोय. कॉटन मात्र अरबी "कुत्न" वरून. अरब व्यापाऱ्यांनी कापूस युरोपात नेला तेव्हा शब्दही गेला, इटालियनमध्ये कोतोने, फ्रेंचमध्ये कोतोन, मग इंग्रजी. स्पॅनिश लोकांनी अरबी "अल" सकट उचलला, आल्गोदोन. जर्मन सगळ्यात प्रामाणिक, ते म्हणतात बाउमवोले, झाडाची लोकर. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने पण भारताबद्दल तेच लिहिलंय, की तिथे रानटी झाडांना लोकर येते आणि ती मेंढीच्या लोकरीहून चांगली असते. तेव्हा मूळ पोस्टमधली मेंढी अगदीच चुकीची नाही.

तिरकस
म्हणजे आपण कर्पास एक्स्पोर्ट केला आणि कॉटन इम्पोर्ट केलं. कापडाचं पण हेच झालं होतं ना? गाठी जायच्या, ठाण यायचं.

शब्दखोर
तिरकस, हे तुमचं आजवरचं सर्वोत्तम. जाताना शब्द पण बरेच गेले. कॅलिको हे कालिकतवरून, चिंट्झ हे आपल्या छिंटेवरून, आणि डंगरी, जी लहान पोरांना घालतात ती, मुंबईच्या डोंगरीवरून. तिथल्या जाड्याभरड्या कापडाला गोरे डंगरी म्हणायचे. आता तीच डंगरी मॉलमध्ये घेतो.

मुनीमजी
गाठी जायच्या वरून आठवलं. अमेरिकेत यादवी झाली, १८६१ ते १८६५, तिकडचा कापूस बंद पडला आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना आपल्याकडचा घ्यावा लागला. मुंबईत एवढा पैसा आला की शेअरचा सट्टा सुरू झाला, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या. युद्ध संपलं आणि १८६५ मध्येच सगळं कोसळलं. वऱ्हाडातल्या गावोगावच्या प्रेसा, जिनं, त्यांना जोडणारे छोटे रेल्वे फाटे हे सगळं कापूस उचलायलाच.

पऱ्हाटीवाला
आमच्या गावाजवळची शकुंतला तशीच, छोट्या रुळाची. आजोबा सांगायचे गाडी एवढी हळू की मधे उतरून चार बोंडं वेचून परत चढता यायचं. खरं खोटं आजोबाच जाणोत. १९७२ पासून एकाधिकार खरेदी आली, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा, ते वडिलांच्या तोंडून ऐकलंय. केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग, गाडीखालीच झोपायचं, बैलांना तिथंच कडबा. गाडीतल्या कापसावर झोपायला मिळायचं म्हणून पोरं मात्र हट्टाने बरोबर जायची. वडील म्हणतात तशी गादी नंतर कधी मिळाली नाही.

नेहमीची_वाचक
हे फार आवडलं.

लोकल_प्रवासी
मुंबईकरांनो, कॉटन ग्रीनला उतरणाऱ्या किती जणांना माहितेय की यात ग्रीन म्हणजे हिरवा रंग नाही, मैदान आहे? पूर्वी फोर्टात मोकळ्या मैदानावर कापसाच्या गाठी पडायच्या, त्याला कॉटन ग्रीन म्हणायचे. मग बाजार कुलाब्याला गेला, तिथून शिवडीकडे, नाव बरोबर घेऊन. आता स्टेशनवर कॉटन पण नाही आणि ग्रीन पण नाही.

पऱ्हाटीवाला
नागपूरच्या कॉटन मार्केटात भाजी मिळते. वांगी घ्यायला कॉटन मार्केट.

वांझोटी_शंका
कोणी हे सांगा, दुकानात रेयॉन कॉटन म्हणून कुर्ते विकतात ते कॉटन का? दुकानदार म्हणतो झाडापासूनच बनतं, म्हणजे कॉटनच.

चाळीस_काउंट
नाही. रेयॉन बहुतेक लाकडाच्या लगद्यातून काढतात, सेल्युलोज तेच, पण विरघळवून परत तार ओढलेली. दूध आणि पनीर एकच म्हटल्यासारखं आहे. ओळख सोपी. कापूस ओला झाला की जास्त मजबूत होतो, म्हणून धोबी दगडावर आपटू शकतो. रेयॉन ओलं झालं की कमजोर होतं. आणि जाळून बघा, शिवणीच्या आतला एक धागा काढून. कापूस कागदासारखा जळतो, वास पण कागदाचा, राख बोटात पीठ होते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. रेशीम, लोकर केस जळल्यासारखी घाण मारते. रेयॉन मात्र कापसासारखंच जळतं, तिथे ओला धागा ओढून तोडायचा. टेरिकॉटचा प्रश्न नको, नावातच कबुली आहे, टेरिलीन अधिक कॉटन.

वांझोटी_शंका
बायकोच्या कुर्त्याचा धागा काढला. पुढचा प्रतिसाद देऊ शकलो तर देईन.

गोळी_घ्या
अजून एक, खिशातली नोट पण कापूसच. आपल्या नोटांचा कागद शंभर टक्के कापसाचा, म्हणून पँटबरोबर धुतली तरी लगदा होत नाही.

तिरकस
म्हणजे पांढरं सोनं नाही, सरळ रोकडाच. फक्त शेतकऱ्याच्या खिशात यायच्या आधी इतरांच्या पँटीत धुतला जातो.

झोपाळू_मांजर
कानात बोळे, नाकात बोळे, बोळ्याने दूध, आणि कॉटन बड म्हणजे काडीवरचा बोळा. बोळ्यावर कोणीच बोललं नाही याचा निषेध. आम्ही काही बोळ्याने दूध पीत नाही.

साडीत_जीव
उशिरा आले पण मूळ प्रश्न राहिलाच आहे म्हणून लिहिते. वर सगळे कापूस, रुई, सुताबद्दल बोलले, कॉटनबद्दल कोणीच नाही. आम्ही बायका कॉटन कशी वापरतो बघा. "आज कॉटन नेसली होतीस ना?" "दोन कॉटन स्टार्चला टाकल्यात." इथे कॉटन म्हणजे कापूस नाही, सूत नाही, कापड पण नाही. साडी. ती कॉटन. स्त्रीलिंगी. शर्टाला ते कॉटन, मेडिकलमध्ये तो कॉटन पण ऐकलाय. तीन लिंगांत फिरणारा दुसरा शब्द दाखवा.

मला वाटतं मराठीत कॉटन म्हणजे दुकानातून विकत घेतलेलं, पाकिटातलं, किमतीची चिठ्ठी लावलेलं. शेतात कॉटन पिकत नाही, झाडाला लागत नाही, कोणी पिंजत नाही, वळत नाही. गादी पिंजाऱ्याने दारात बसून भरली म्हणून ती कापसाची, चादर दुकानातून आणली म्हणून कॉटनची. लहानपणी पिंजारी यायचा, त्या धनुकलीचा तुंई तुंई आवाज आणि सगळ्या ओट्यावर उडणारा कापूस, भुवया पांढऱ्या झालेला तो माणूस. त्याला कोणी कॉटनवाला म्हटलं असतं तर त्याला कळलंही नसतं. ज्याला आपला हात लागला तो कापूस, बाकी कॉटन.

मुनीमजी
साडीताई, जवळजवळ पटलं. पण आता देवाचा कापूस पण पाकिटात येतो, वाती पण तयार मिळतात. त्याला काय म्हणणार, कॉटन वात?

साडीत_जीव
मी परवाच एक पाकीट बघितलं, वर लिहिलं होतं "प्युअर कॉटन फुलवात". त्यामुळे माझा सिद्धांत टिकतोय, मला मात्र आवडलं नाही.

काळी_माती
मग कापडाला सुती म्हणा की. सुती शर्ट, सुती साडी. छान शब्द आहे, मेला नाही, फक्त उठवायला कोणी नाही.

तिरकस
"तीन सुती साडी दाखवा." दुकानदार सळई आणून देईल.

दुपारचा_चहा
सगळ्यांना धन्स, एवढं निघेल वाटलं नव्हतं. साडीत_जीव यांचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला, मग वरचे पण बरेच वाचले. दिवाणजी अंगठ्यावर तंतू ताणून बघायचे तिथे ती थांबली, म्हणाली तिचे आजोबा पण तसंच करायचे, मग थोडा वेळ काही बोलली नाही. ग्लासातला कापूस अजून तरंगतोय, टाकून देऊ देत नाहीये आता. शेवटी विचारलं, "एवढं सगळं झालं, पण कापूस आणलास का?"

आणि मी म्हणालो, नाही.

झोपाळू_मांजर
नाही काय म्हणतोस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?